हात बसलेली गिटार बदलताना

गिटारच्या मानेवर मागच्या बाजूने हात फिरवला की पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) दरम्यान पॉलिश जरा जास्तच गुळगुळीत लागतं. अंगठा वर्षानुवर्षं तिथेच टेकलेला असतो. माझ्या यामाहा एफजी ७००एसवर ती जागा अकरा वर्षांत तयार झाली. तीन वर्षांपूर्वी ती गिटार मी वसईतल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्या मुलाला दिली आणि त्याची लहान अंगाची, सीडर लाकडाच्या टॉपची (पेटीच्या पुढच्या तक्त्याची) गिटार घेतली. देताना जीव थोडा थोडा झाला होता, पण त्या व्यवहाराचा आम्हा दोघांनाही कधी पश्चात्ताप झाला नाही. त्याआधी केलेली एक अदलाबदल मात्र अंगाशी आली होती. दोन्ही अनुभवांतून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच आपली लाडकी गिटार कुणाशी बदलायला निघाला असाल, तर घाई न करता हे वाचा.

पायरी १ : कशासाठी बदलायची ते एका वाक्यात लिहा

वही घ्या आणि लिहा: या गिटारवर मला नेमकं काय जमत नाही? ‘आवाज आवडत नाही’ एवढ्याने भागत नाही. ‘तासभर वाजवलं की उजवा खांदा भरून येतो’, ‘बोटांनी वाजवताना वरच्या तारा खर्जाखाली दबतात’, ‘तीस जण गायला लागले की माझीच गिटार मला ऐकू येत नाही’, ही कामाची उत्तरं. माझं उत्तर खांद्याचं होतं. वसईच्या मुलाचं शेवटचं होतं. माझ्या गिटारमधली खोड त्याच्या गरजेची होती आणि त्याच्या गिटारमधली माझ्या. चांगली अदलाबदल अशीच जुळते. दोघांनाही आपापल्या गिटारचा कंटाळा आलाय, एवढ्या भांडवलावर केलेली जुळत नाही.

लिहून झालं की लगेच गिऱ्हाईक शोधू नका. आधी आहे त्या गिटारवर थोडा खर्च करा. नव्या तारा लावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाच्या हातांत तारा महिन्या-दीड महिन्यात मरतात, आणि मेलेल्या तारांचा राग लोक गिटारवर काढतात. बोटं दुखत असतील तर ०.०१२ इंचाच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी) सेटऐवजी ०.०११ चा लावून बघा. दुरुस्ती करणाऱ्याकडून सेटअप करून घ्या: मान सरळ करणं, सॅडल (पेटीवरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) घासून तारांची उंची कमी करणं, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा नीट करणं. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी तारांच्या उंचीच्या, म्हणजे अ‍ॅक्शनच्या असतात आणि त्या सेटअपने जातात. एवढं करून महिनाभर वाजवा. तक्रार तरीही उरली तर ती खरी.

पायरी २ : काय हवं ते आकड्यांत ठरवा

आधी अंगाचा आकार. आपल्याकडे बहुतेकांची पहिली गिटार ड्रेडनॉट असते: रुंद कंबर, खोल पेटी, भरदार खर्ज. मार्टिन कंपनीने ती पहिल्यांदा १९१६ साली डिट्सन या विक्रेत्यांसाठी बनवली, नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलं आणि १९३१ पासून ती स्वतःच्या नावाने विकायला काढली. गाण्यामागे जोरकस स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडायला, तिला तोड नाही. पण उंची बेताची असेल, मांडी घालून वाजवायची सवय असेल किंवा बोटांनी तार न् तार वेगळी काढायची असेल, तर ती अंगावर येते. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून मार्टिननेच ‘ओएम’ हा आकार काढला. त्याची कंबर बारीक, पेटी उथळ आणि तारा एकमेकींपासून सुट्या ऐकू येतात. ‘ट्रिपल-ओ’ ही त्याचीच सख्खी बहीण. त्याहून लहान पार्लर.

मग स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेचा वाजणारा भाग. ड्रेडनॉटवर तो साधारण ६४५ ते ६५० मिमी असतो, आजच्या बऱ्याच ट्रिपल-ओवर ६३२ च्या आसपास. तेरा मिमीने काय होतं, असं वाटेल. त्याच तारा, तोच सूर, पण स्केल ६४५ वरून ६३२ वर आलं की ताण सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) धरताना डाव्या हाताला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

तिसरा आकडा नटच्या रुंदीचा. ४३ मिमी आणि ४४.५ मिमी या दोन मापांत जेमतेम दीड मिमीचा फरक. जाड बोटांच्या आणि बोटांनी वाजवणाऱ्या माणसाला ४४.५ वर सुटल्यासारखं वाटतं. स्ट्रमिंग करणाऱ्याला, विशेषतः अंगठा वरून वळवून धरणाऱ्याला, ४३ बरं.

लाकडाबद्दल थोडक्यात. स्प्रूसचा टॉप जोर सोसतो, जितकं माराल तितकं देतो. सीडर हलक्या बोटाला चटकन बोलतो, पण दणकून वाजवलं की लवकर दमतो, शिवाय इतका मऊ की नखाचाही व्रण उठतो. मागच्या आणि बाजूच्या लाकडात ‘इंडियन रोझवूड’ असं लिहिलेलं दिसेल, ते म्हणजे आपलं शिसव. आजीच्या घरातल्या शिसवी पलंगाचं, सह्याद्रीच्या जंगलातलं तेच झाड. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा, १९६९ च्या सुमारास, मार्टिन या शिसवाकडे वळली आणि आज जगभरच्या महाग गिटारींच्या पाठीला ते असतं. तरीही पहिल्या-दुसऱ्या अदलाबदलीत पाठीच्या लाकडापेक्षा टॉप सॉलिड, म्हणजे एकसंध लाकडाचा, आहे की थर चिकटवलेल्या प्लायचा, याला जास्त महत्त्व द्या. ते ओळखायचं कसं, हे पाचव्या पायरीत येतं.

पायरी ३ : आपल्या गिटारची पत्रिका मांडा

हे काम लोक टाळतात. माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ते सर्वांत मोलाचं आहे.

दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसा. जुन्या तारा काढा, सुती कापडाने गिटार पुसा आणि जे जे वाईट दिसेल ते लिहून काढा. झिजलेले फ्रेट, चिरा, पूर्वीची डागडुजी, घसरणारी खुंटी, कुठल्या फ्रेटवर कुठली तार झणझणते, सगळं. मग कंपनी, मॉडेल, आतल्या लेबलवरचा किंवा शिक्क्याचा नंबर, कधी घेतली, कितवे मालक, कुठल्या गावच्या हवेत राहिली, कधी पडली होती का. प्रत्येक दोषाचा जवळून एक फोटो काढा.

मी वसईच्या मुलाला ही यादी आधीच पाठवली होती. खालच्या फुगवट्यापाशी बोटभर चीर, आतून पट्टी चिकटवून बंद केलेली. बी तारेखाली दुसरा फ्रेट झिजलेला, नख लावलं की खाच जाणवते. जी तारेची खुंटी अर्धा फेरा सैल फिरते आणि मग पकडते. भेटलो तेव्हा त्याने माझी गिटार हातात घेण्याआधीच स्वतःची उलटी केली आणि हेडस्टॉकच्या (मानेच्या खुंट्यांच्या टोकाच्या) मागे, नटच्या थोडं खाली, एक केसासारखी तिरकी रेघ दाखवली. ‘दादा, ही एकदा स्टँडवरून पडली होती. हे मी मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं.’ तिथं मान तडकली होती आणि कारागिराने चिकटवली होती. नीट चिकटवलेला असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो, पण किंमत मात्र चांगलीच उतरते. मी ती रेघ बोटाने चाचपली, कुठे पायरीसारखं लागलं नाही. गिटार सुरात लावून अर्धा तास वाजवली, सूर उतरला नाही. मी पुढे गेलो. माझी यादी त्याच्या हातात नसती तर ती रेघ त्याने दाखवली असती का, हे मला सांगता येणार नाही. यादी दिली की समोरच्याला बोलायला वाट मिळते, एवढं खरं.

पायरी ४ : किंमत आणि वरचे पैसे

दोन्ही गिटारींची नवी किंमत आजच्या तारखेची बघा, तुम्ही घेतली तेव्हाची नाही. सुस्थितीतल्या वापरलेल्या गिटारला तिच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत मोल धरायचं, असा माझा ठोकताळा आहे. त्यातून करावी लागणारी दुरुस्ती वजा करा. समजा तुमची ८ हजारांची भरली आणि समोरच्याची ११ हजारांची, पण तिचे फ्रेट बदलायला अडीच हजार लागणार आहेत, तर वर द्यायचे पैसे तीन हजार नसून पाचशे. कापडी बॅग, कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) आणि बसवलेला पिकअप (गिटार स्पीकरला जोडण्याचं साधन) धरला आहे की नाही, हे आधी बोलून घ्या. भांडणं याच्यावरूनच होतात. आठवणींना मोल लावू नका. त्या तुमच्याकडेच राहणार आहेत, समोरच्याला त्या नकोत.

माणूस कसा शोधायचा

शिकवणारे गुरुजी, क्वायर, कॉलेजचा नाटकाचा ग्रुप, दुरुस्ती करणारा कारागीर, अशा ओळखीच्या वर्तुळातून आलेला माणूस सर्वांत बरा. कारागिराला तर जरूर विचारा, त्याच्या हाताखालून गेलेल्या गिटारींची कुंडली त्याला पाठ असते. काही वाद्यांची दुकानं जुनी घेऊन नवी देतात. तिथे मोल कमी मिळतं, पण बिल आणि वॉरंटी हातात येते. मुंबईत असाल तर धोबी तलावला फर्टाडोससारख्या दुकानात, १८६५ पासूनचं ते, एक दुपार घालवा आणि वेगवेगळ्या आकाराच्या चार गिटारी मांडीवर घेऊन बघा. विकत काही घेतलं नाही तरी चालेल. दुसऱ्या पायरीतले आकडे हाताला तिथेच कळतील.

अनोळखी माणसाशी ऑनलाइन जमत असेल तर दोन गोष्टी गाठीला बांधा. पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘मी बदलीवर चाललोय, गिटार कुरिअरने पाठवतो, तुम्ही आधी वरचे पैसे टाका’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. दोन्ही गिटारी समोरासमोर आल्याशिवाय अदलाबदल करायची नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाशी बदलत असाल तर एक नियम माहीत असू द्या. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवूडच्या सगळ्या जातींवर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली होती. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझिलियन रोझवूडला नाही. तिकडच्या काकांकडे साठच्या दशकातली जुनी गिटार असेल तर पाठीचं लाकूड कोणतं, हे विमानात बसण्याआधी विचारा.

पायरी ५ : भेटायला जाताना पिशवीत काय, आणि बघायचं काय

माझी जी अदलाबदल फसली ती संध्याकाळी, एका चहाच्या दुकानाबाहेर, रस्त्याच्या दिव्याखाली झाली होती. आवाज इतका गोड लागला की मी दहा मिनिटांत हो म्हटलं. तीन आठवड्यांनी ए तार वाजवली की पेटीतून बारीक खडखड यायला लागली. आतली एक आधारपट्टी, ज्याला ब्रेस म्हणतात, सुटली होती आणि ब्रिजची मागची कड उचलली गेली होती. दोन्ही दोष त्या दिवशी दिसण्यासारखे होते. मी बघितलंच नव्हतं.

म्हणून भेट दिवसा, घरी किंवा एखाद्या शांत हॉलमध्ये ठरवा. हातात दीड तास ठेवा. पिशवीत सहा इंची स्टीलची पट्टी, कॅपो, ट्यूनर, साधा कागद, पावडरच्या डबीतला छोटा आरसा आणि मोबाइलची टॉर्च. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी नको, कारण तिच्यात शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते आणि माप चुकतं.

गिटार आधी सुरात लावा, दहा मिनिटं तशीच राहू द्या. सैल तारांची गिटार तपासण्यात अर्थ नाही. बारा नंबरच्या, म्हणजे ०.०१२ इंचाच्या सेटच्या, सहा तारा मिळून जवळपास ७० किलोचा ताण देतात आणि सगळी दुखणी त्या ताणाखालीच बाहेर पडतात.

*अ‍ॅक्शन.* बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी टेकवा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड ई तारेला २.२ ते २.८ मिमी, बारीक ई तारेला १.५ ते २ मिमी असावं. जास्त असेल तर लगेच नाही म्हणू नका. सॅडल ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे ते बघा. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायचा तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. अ‍ॅक्शन उंच आणि सॅडल आधीच बुडालेलं, अशी जोडी दिसली तर मानेचा कोनच बिघडला आहे. खात्री करायला एक लांब सरळ पट्टी फ्रेटांवरून ब्रिजकडे सरकवा. ती ब्रिजच्या माथ्यावर यायला हवी. ती त्याच्या खाली धडकत असेल तर मान काढून पुन्हा बसवावी लागेल आणि स्वस्त गिटारीत तो खर्च गिटारच्याच किमतीला भिडतो. अशी गिटार कितीही गोड वाजली तरी सोडा.

*मान.* पहिल्या फ्रेटला कॅपो लावा, जाड ई तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, ०.२ ते ०.३ मिमी, पुरे. याहून जास्त असेल किंवा अजिबात नसेल तरी घाबरायचं कारण नाही, मानेच्या आतल्या दांड्याने, म्हणजे ट्रस रॉडने, ते सुधारतं. फक्त रॉड फिरतो का, हे मालकालाच फिरवून दाखवायला सांगा.

*ब्रिज.* मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. शिरला तर ब्रिज सुटतोय. ब्रिजच्या मागे टॉपला किंचित पोट असणं सॉलिड टॉपमध्ये नेहमीचं आहे, पण ब्रिजच्या पुढे साउंडहोलकडे (पेटीच्या गोल भोकाकडे) खड्डा आणि मागे डोंगर असं दिसलं तर आत काहीतरी निसटलंय.

*पेटी.* माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो ना, तसंच. तारांवर तळहात ठेवून त्या मुक्या करा आणि बोटाच्या पेराने टॉप, पाठ, बाजू सगळीकडे हलकेच ठोका. आवाज भरीव यायला हवा. जिथे फटफट किंवा खुळखुळ येईल तिथली ब्रेस सुटलेली असते. मग साउंडहोलमधून आरसा आणि टॉर्च घालून आतून बघा: डिंकाचे नवे ओघळ, चिरांवरच्या पट्ट्या, तारांच्या गोळ्यांनी कुरतडलेली ब्रिजखालची फळी. टॉप सॉलिड आहे का, तेही इथेच कळतं. साउंडहोलच्या कडेवर लाकडाच्या वरच्या रेषा सरळ आत उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काही गिटारींना तिथे रंग किंवा प्लॅस्टिकची किनार असते. तेव्हा मॉडेलचा नंबर कंपनीच्या यादीत बघून घ्या.

*फ्रेट आणि सूर.* सहाही तारा पहिल्या फ्रेटपासून शेवटापर्यंत एकेक करून वाजवा. कंटाळवाणं आहे, तरी वाजवा. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीची जवारी तासन्‌तास घासून तारेत तो झणकार मुद्दाम आणतात, तोच त्याचा प्राण असतो. गिटारमध्ये तोच झणकार दोष ठरतो. एकाच जागी झणझण असेल तर एखादा फ्रेट उंच आहे. सगळीकडे असेल तर बहुधा मान किंवा सॅडल, म्हणजे सेटअपचं काम. नंतर प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळतात का ते बघा. दाबलेला सूर ठळक चढा येत असेल, तर कॅपो लावून वाजवताना पुढे रोज त्रास होईल.

नामांकित अमेरिकन कंपनीची गिटार कुणी फार थोड्या वरच्या पैशांत देत असेल तर नंबर तपासा. मार्टिनच्या नंबरांवरून साल कळतं आणि ती यादी कंपनीने खुली ठेवली आहे. नकली मार्टिन आणि टेलर बाजारात फिरतात.

पायरी ६ : डोळे मिटून ऐका

तपासणी झाल्यावरच मनसोक्त वाजवा, आधी नाही. तुमची जुनी गिटारही सोबत असणारच. तोच एक तुकडा, जो तुम्हाला झोपेतही वाजवता येतो, दोन्हींवर वाजवा. मग समोरच्याला वाजवायला सांगा आणि तुम्ही पाच फुटांवर बसा. वाजवणाऱ्याला गिटार ऐकू येते तशी ऐकणाऱ्याला येत नाही, हे तेव्हाच कळतं. एका गिटारला नव्या आणि दुसरीला जुन्या तारा असतील तर कानावर विश्वास ठेवू नका. नवा सेट लावून बघायला मालक तयार असेल तर सेटचे पैसे तुम्ही द्या.

पहिल्या पायरीतली वही इथे काढा. जे वाक्य लिहिलं होतं त्याचं उत्तर ही गिटार देते का? सीडरची गिटार मांडीवर घेऊन मी चाळीस मिनिटं वाजवली. खर्ज माझ्या यामाहाच्या निम्माही नव्हता आणि त्याची चुटपुट लागली. पण खांदा मोकळा होता. मी खर्जासाठी आलोच नव्हतो.

पायरी ७ : बोली आणि चिठ्ठी

ओळखीचा माणूस असला तरी कागदावर लिहा. दोन्ही गिटारींची नावं आणि नंबर, तारीख, वरचे पैसे किती आणि कसे दिले, सांगितलेले दोष, आणि आठ दिवसांची बोली: या मुदतीत न सांगितलेला मोठा दोष निघाला तर दोन्ही गिटारी आणि पैसे जसेच्या तसे परत. दोन प्रती, दोघांच्या सह्या. ओळखपत्र एकमेकांना दाखवा, त्याचे फोटो मागू नका. आठ दिवसांच्या बोलीला कुणी तयार नसेल तर मी त्या व्यवहारात पडत नाही.

पायरी ८ : घरी आणल्यावर

गर्दीच्या वेळची विरार लोकल टाळा. गाडीने आणत असाल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवू नका, कारण तापलेल्या पत्र्याखाली डिंक मऊ पडतो आणि ब्रिज सुटतो. विमानाने आणायची तर हार्ड केस हवी आणि तारा एक-दोन सूर उतरवलेल्या. पूर्ण सैल करू नका.

अकूस्टिक गिटारींना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. नागपूरहून रत्नागिरीला आलेली किंवा उलट गेलेली गिटार पहिला दिवस केसमध्येच ठेवा, हळूहळू हवेची सवय होऊ द्या. पावसाळ्यात सॉलिड टॉप ओल पिऊन फुगतो, अ‍ॅक्शन चढते आणि आवाज कोंदट होतो. त्यामुळे जुलैत कोकणात तपासलेली गिटार वाईट भासेल, दिवाळीनंतर तीच सुधारेल. जमलं तर अदलाबदल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. विदर्भाच्या मे महिन्यात उलटं करावं लागतं: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवायची. आणि गिटार कूलरच्या झोतात कधीच ठेवायची नाही.

त्या आठ दिवसांत रोज वाजवा, सगळ्या फ्रेटांवर, खालच्या आणि वरच्या सुरात, जोराने आणि हळू. तारा बदला हवं तर, पण सॅडल घासणं, नट बदलणं, पिकअपसाठी भोक पाडणं असलं काही करू नका. परत करायची वेळ आली तर गिटार होती तशीच द्यायची आहे. नवव्या दिवशी फोन करून ‘पक्कं’ म्हणा, चिठ्ठीवर तशी तारीख टाका आणि मग खुशाल कारागिराकडे न्या.

आमच्या वेळी नवव्या दिवशी फोन त्याचाच आला. रविवारच्या मिस्साला त्याने यामाहा वाजवली होती आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली, असं सांगत होता. तारा कुठल्या लावत होता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बारा नंबरच्या, फॉस्फर ब्राँझच्या, आणि दुसऱ्या फ्रेटवर बी तार जरा हलक्या हाताने दाब.